सावदा लाइन: ई-वन लूप टेस्टच्या नोंदी

३ मे २०२४

गिऱ्हाईकाचा फोन सकाळीच. जळगाव एमआयडीसीतलं ऑफिस ते सावद्याचं केळीचं पॅकहाउस, मधली २ एमबीपीएसची लाइन "दुपारची जाते". दुपारची म्हणजे किती वाजता, तर जेवणानंतर. रोज का, तर रोजच म्हणा ना. आणि अजून एक, वजनकाट्याचं जुनं डायल-अप मॉडेम सारखं तुटतं, फोनवर बोलताना मध्येच कट्ट असा आवाज येतो. हे दुपारीच का, यावर तिकडून उत्तर नाही, "होतंच ते पण" एवढंच. लिहून घेतलं दोन्ही. तक्रारीच्या फॉर्मवर मात्र एकाच ओळीत गेलंय, "लाइन प्रॉब्लेम".

पुढे कोणी हे वाचलं तर कळावं म्हणून रचना लिहून ठेवतो. जळगाव ऑफिसात मक्स (फोन आणि डेटा एका लाइनवर भरणारा डबा), त्याच्या पुढे मॉडेम, तिथून तांब्याची पेअर म्हणजे दोन तारांची जोडी एक्स्चेंजपर्यंत, एक्स्चेंजमध्ये लाइन कार्ड म्हणजे एलटीयू, ते डीडीएफवर (लाइनी जोडायची-तोडायची फ्रेम), डीडीएफवरून एसडीएचच्या डब्यात (बऱ्याच लाइनी एका फायबरवर नेणारा), भुसावळमार्गे फायबर, सावदा एक्स्चेंजला परत तसाच डबा, डीडीएफ, एलटीयू, मग पुन्हा तांबं, पिलरमधून (रस्त्याकडेची तांब्याच्या जोडणीची पेटी) पॅकहाउसपर्यंत, तिथे एनटीयू म्हणजे गिऱ्हाईकाकडचं मॉडेम आणि मक्स. ई-वन (म्हणजे हीच २ एमबीपीएसची लाइन) साधा, २.०४८ एमबीपीएस, ३२ टाइमस्लॉट ६४ केबीपीएसचे. शून्य नंबरचा फ्रेमिंगला, १६ नंबरचा सिग्नलिंगला, १ ते १५ वर ईपीएबीएक्सचे (आतल्या फोनच्या डब्याचे) आवाज, १७ ते ३१ वर राउटर, म्हणजे डेटाला ९६० केबीपीएस. आजच्या काळात हसतील लोक, पण गेटपास आणि वजनाच्या पावत्या एवढ्यात आरामात जातात आणि पॅकहाउसला दुसरं काही नकोय.

६ मे

टेस्टर घेऊन जळगाव ऑफिसात बसलो. मक्स काढून त्याच्या जागी टेस्टर. टेस्टर ठरलेले बिट पाठवतो, पुढे कुठे लूप टाकला की तेच बिट परत येतात आणि चुकलेले मोजले जातात.

आधी आपल्याच मॉडेमला लोकल लूप, पाच मिनिटं, क्लीन. यात फार वेळ घालवत नाही मी, फक्त टेस्टर आणि कॉर्ड धड आहेत एवढं कळतं. टेस्टर ७५ ओमवर आणि मॉडेम १२० ओमवर असला की इथेच कळतं. पण कळेलच असंही नाही, लहान कॉर्डवर चुकीच्या ओमचंही खपून जातं आणि मग लांब केबलवर डोकं खातं, म्हणून सेटिंग डोळ्यांनी बघून घ्यायचं.

मग सरळ मध्यावर. बरेच जण एका टोकाकडून एकेक पायरी चढत जातात, मला ते पटत नाही. साखळी मध्यावर तोडली की अर्धी बाजू एका टेस्टमध्ये सुटते. आपला मध्य म्हणजे सावद्याचा डीडीएफ. तिथल्या पोराला फोन लावला, म्हणलं यू-लिंक (डीडीएफवरचा जोडतुकडा) काढ आणि एसडीएचच्या बाजूला लूप टाक, माझ्याकडे तोंड करून. "टाकलं भो, टाकलं."

टेस्टरवर पॅटर्न लॉक नाही, म्हणजे पाठवलेले बिट ओळखू येत नाहीत, वर एआयएसचा अलार्म. सगळे एकच एक येताहेत. एआयएस आला म्हणजे वाट जिवंत आहे, पण तिकडच्या डब्याला ट्रिब्युटरीवर (आपल्या ई-वनच्या पोर्टवर) काही मिळत नाहीये म्हणून तो स्वतःच सगळे एक पाठवतोय. म्हणजे लूप पडलाय पण पाठ करून, एलटीयूकडे तोंड. बीएनसी कनेक्टरांची अदलाबदल करायला लावली, लगेच लॉक. ही गोष्ट दर साइटला होते, त्यामुळे "लूप टाक" एवढं म्हणणं पुरेसं नाही, कोणाकडे बघणारा लूप ते म्हणावंच लागतं.

दुसरी भानगड याहून मजेशीर. टेस्ट चालू, क्लीन, सगळे खूश. मी पोराला म्हणलं आता लूप काढ. त्याने काढला. टेस्टर तरीही क्लीन! हिरवा दिवा तसाच. म्हणजे माझे बिट सावद्यापर्यंत जातच नव्हते, अलीकडूनच कोणीतरी परत पाठवत होतं. एक्स्चेंजच्या कंट्रोल रूमला विचारलं तर तिथल्या साहेबांनी मदत म्हणून आमचा फोन ऐकून जळगावच्याच ट्रिब्युटरीवर सॉफ्ट लूप (कमांडने टाकलेला) टाकून दिलेला. भावना चांगली होती. तो काढला, मग सावद्याचा पुन्हा टाकला, आणि मग खरी टेस्ट.

यावरून दोन सवयी इथे लिहितो, नवीन पोरांना देतोय ही वही म्हणून. पहिली, क्लीन आलं की लूप काढायला लावायचा आणि टेस्टर लाल होतो का बघायचं. लाल झाला नाही तर ती टेस्ट तुमची नाहीच. दुसरी, टेस्टरमध्ये जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजायची सोय असते ती वापरायची. फायबरमध्ये किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद जातात, सावद्याला भुसावळमार्गे जाऊन-येऊन शंभर किमीच्या आसपास धरा, म्हणजे नुसत्या फायबरचाच अर्धा मिलीसेकंद झाला, डब्यांचा वेगळा. सॉफ्ट लूप असताना आकडा याच्या कितीतरी खाली होता, मग घरी कुठेतरी लूप आहे हे तिथेच कळतं.

खऱ्या लूपवर पंधरा मिनिटं, एकही एरर नाही. पॅटर्न दोनचा पंधरावा घात वजा एक, म्हणजे ३२,७६७ बिटचा, ई-वनला तोच नेहमीचा. पंधरा मिनिटांत १८४ कोटी बिट जातात, त्यात शून्य. मध्ये मी हाताने एक एरर टोचली, तीही परत आली, मोजली गेली. फायबर सुटलं, जळगावचं तांबं सुटलं. उरलं सावद्याचं एलटीयू ते पॅकहाउस.

पण हे सगळं सकाळी अकराच्या आधीचं, आणि तक्रार दुपारची. हे विसरून "लाइन ओके" लिहिणारे खूप आहेत.

७ मे

आज सावद्यात. एक्स्चेंजच्या डीडीएफला टेस्टर लावून पॅकहाउसच्या एनटीयूला कमांडने लूप दिला. सकाळपासून पंधरा-पंधरा मिनिटांचे रन घेत बसलो. एक्स्चेंजला एसी आहे ही त्यातल्या त्यात सुखाची बाब, बाहेर रस्त्यावर काळं कुत्रं नाही.

साडेबारापर्यंत शून्य. मग एकेक, मग झुबक्याने. अडीचच्या सुमाराला काही सेकंद असे की एका सेकंदात दोन-दोन हजारांच्या वर एरर, म्हणजे हजारात एक बिटपेक्षा वाईट, त्याला सिव्हियरली एरर्ड सेकंद म्हणतात. असे सलग दहा सेकंद आले की नियमाने लाइन अनुपलब्ध धरली जाते, आणि ते दहा सेकंद आले. राउटरचा इंटरफेस तेव्हाच पडत असणार. पाचनंतर कमी होत होत साडेसहाला परत शून्य.

एलटीयूच्या मेनूत एसएनआर मार्जिन (नॉइजच्या वर सिग्नलची शिल्लक) सकाळी ९ डीबी, अडीचला २. मार्जिन ६ च्या खाली गेलं की मला चैन पडत नाही.

आता दुपारी काय बदलतं? पॅकहाउसवाले म्हणतात रायपनिंगच्या चेंबरचे कॉम्प्रेसर दुपारी जास्त चालतात, त्याचा नॉइज. शेजारचे म्हणतात शेतीची थ्री-फेज आली की असं होतं, सगळ्या मोटारी एकदम सुरू. एक्स्चेंजवाले म्हणतात तांबं तापतं. तिघांचंही ऐकायला बरं वाटतं. तांबं तापतं हे खरं आहे, पण अंशाला ०.४ टक्के या हिशोबाने २० वरून ४५ ला गेलं तर रेझिस्टन्स दहा टक्के वाढेल, तेवढ्याने लाइन मरत नाही. आणि जमिनीत पुरलेल्या केबलला दुपारचं ऊन दुपारी कळतच नाही, दोन-तीन फूट खाली दिवस-रात्रीचा फरक जवळपास पोचत नाही. रोज दुपारी बिघडून संध्याकाळी बरं होणारं जे काही आहे ते जमिनीच्या वर आहे. म्हणजे पिलर, डीपी (टेलिफोनची शेवटची जोडपेटी), किंवा पॅकहाउसच्या भिंतीवरची वायर.

नॉइजचं म्हणाल तर एक खूण आहे. पॅकहाउसला नॉइज असेल तर पॅकहाउसचं मॉडेम बहिरं होतं, एक्स्चेंजचं नाही, कारण लांबून येता येता नॉइजही मरतो. म्हणजे एनटीयूच्या बाजूला एरर जास्त आणि एलटीयूच्या बाजूला कमी दिसायला हव्यात. लूपमध्ये हे कळत नाही, जाता-येताच्या एरर एकाच आकड्यात मिसळून येतात. म्हणून लूप काढून दोन्ही मॉडेमचे स्वतःचे सीआरसी (एरर मोजणारे) काउंटर वेगवेगळे वाचले. जवळपास सारखे. दोन्हीकडून सारखंच खराब, म्हणजे मध्ये जोडात काहीतरी.

१० मे

आज आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. काम बंद. बायको माहेरी, पोरींचे झोके, सांजोऱ्या. फक्त एवढं लिहितो की पॅकहाउसच्या मॅनेजरला दुपारी दोनला दहा मिनिटं कॉम्प्रेसर बंद ठेवायला सांगितलं होतं, त्याने सणाच्या दिवशीही ठेवला आणि एलटीयूचे काउंटर एक्स्चेंजच्या पोराने वाचले. कॉम्प्रेसर बंद, एरर चालूच. कॉम्प्रेसर निर्दोष.

११ मे

आप्पांना घेऊन गेलो. आप्पा अमळनेरचे, आयुष्यभर जॉइंट मारलेले, आता रिटायर पण बोलावलं की येतात. दुपारीच गेलो मुद्दाम.

एक्स्चेंजच्या एमडीएफवरून (तांब्याच्या जोड्यांची मुख्य फ्रेम) पेअर मोकळी करून पॅकहाउसला शॉर्ट दिला आणि मीटरने लूप रेझिस्टन्स. केबल ०.५ मिमीची, लांबी रेकॉर्डवर १.४ किमी, ०.५ ला किमीमागे १७५ ओमच्या आसपास धरतात, म्हणजे २४५ यायला हवा, ऊन धरून २६०-२६५ सोडून द्या. मीटरवर ३१०, मग ३८०, मग परत ३२०. स्थिर नाहीच. मग दोन्ही वायर वेगवेगळ्या अर्थला धरून मोजल्या, एक पाय ठीक, दुसराच नाचतोय. एक पाय जड आणि एक हलका म्हणजे पेअरचा तोल गेला, मग बाहेरचा नॉइजही आत येतो, हे दुहेरी नुकसान.

पिलर रस्त्याकडेला, एकटाच, झाड नाही काही नाही. दार अर्धं लोंबतंय. हात लावला तर चटका. आप्पा म्हणाले पोतं आणा. बाजूच्या शेतातून दोन गोणपाटं आणली, पाण्यात बुडवून पिलरच्या बाहेरून टाकली. आतल्या टॅगवर (तार जोडायच्या पत्र्यावर) पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, बाहेरूनच. जोडणी परत लावून एक्स्चेंजच्या पोराला काउंटर वाचत राहायला सांगितलं. वीस-पंचवीस मिनिटांत फोनवर एरर कमी, मार्जिन २ चं ५. पोतं काढलं, थोड्या वेळाने परत २. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, "आते दखा." हजारो रुपयांचा टेस्टर माझ्या खांद्यावर आणि जागा सापडली गोणपाटाने.

आत आमच्या पेअरच्या एका टॅगवर हिरवा गंज, वायर टॅगमध्ये ढिली. "भाऊ, हाऊ टॅग मरी गया." गरम झालं की पत्रा पसरतो, वायर सुटते, गार झालं की परत टेकते. त्या पट्टीवरून पेअर हलवून चांगल्या टॅगवर घेतली, वायरचं टोक कापून नवीन तांबं उघडं केलं, दोन्ही पाय एकाच वेळी बदलले म्हणजे तोल राहतो. मीटर २६२, हलत नाही.

संध्याकाळी आप्पांना शेवभाजी. मजुरी घेत नाहीत, शेवभाजी घेतात, तीही तिखटजाळ.

१२-१३ मे

एनटीयूला लूप ठेवून चोवीस तासांचा रन लावला, काल दुपारी सुरू, आज दुपारी बंद. आज मतदान, जळगाव आणि रावेर दोन्ही मतदारसंघांत, पॅकहाउस बंद म्हणूनच एवढा वेळ लूप ठेवायला मिळाला. मत देऊन आलो आणि रिझल्ट बघितला. १७,६९४ कोटी बिट, एरर शून्य. दुपार धरून. मार्जिन भर उन्हातही ८ च्या खाली नाही.

लूप काढला. काढल्यावर कंट्रोल रूमला फोन करून काढल्याचं लिहून घ्यायला लावलं, आणि राउटरचा इंटरफेस स्वतः बघितला, कारण लूप राहून गेला तर राउटरला स्वतःचेच पॅकेट परत मिळतात आणि काही ठिकाणी लाइन वर असल्यासारखी दिसते.

१५ मे

मॅनेजरचा फोन. लाइन दुपारी जात नाही, छान. पण वजनकाट्याचं मॉडेम तुटतंच आहे आणि फोनवर कट्ट आवाज आहेच. सकाळी, रात्री, कधीही.

ऑफिसातल्या एकाचं म्हणणं, चोवीस तास शून्य एरर आलीये, आता प्रॉब्लेम वजनकाट्याच्या मॉडेमचा, आपलं काम संपलं. रिपोर्ट बघून तसंच वाटेल. पण कट्ट आवाज फोनवर पण येतो ना, आणि फोन वजनकाट्याला जोडलेला नाही.

रिकाम्या वेळी विचार केला की लूप टेस्टमध्ये काय तपासलं जात नाही. टेस्टर बिट पाठवतो स्वतःच्या घड्याळाने, आणि तेच बिट त्याच घड्याळाच्या चालीने परत येतात. पाठवणारा आणि घेणारा एकच, मग घड्याळ चुकीचं असलं तरी स्वतःशी जुळणारच. लूपने वाट तपासली, दोन टोकांच्या घड्याळांचं भांडण तपासलंच नाही, ते लूपमध्ये होऊच शकत नाही.

आणि मधलं एसडीएच पण यात मदत करत नाही. लोकांना वाटतं एसडीएच सिंक्रोनस म्हणजे सगळं त्याच्या घड्याळावर आलं. ई-वन त्यात असिंक्रोनस मॅपिंगने भरला जातो, बिट मागे-पुढे सरकवून तो आपल्या मूळ चालीनेच तिकडे बाहेर पडतो. जळगावने ज्या वेगाने दिलं त्याच वेगाने सावद्याला मिळतं.

१६ मे

सावद्याच्या मक्समध्ये मेनू आत आत जाऊन स्लिप काउंटर काढला. वाढतोय. घड्याळ लावून बसलो, साधारण ४२ सेकंदाला एक. रात्रंदिवस, उन्हाचा काही संबंध नाही.

हिशोब असा. दोन घड्याळांत दहा लाखात एक एवढा फरक असेल तर ई-वनवर सेकंदाला २ बिटपेक्षा थोडा जास्त फरक साचतो. फ्रेम २५६ बिटची, म्हणजे १२५ सेकंदाला एक अख्खी फ्रेम जास्त होते किंवा कमी पडते, ती टाकावी लागते किंवा परत वाचावी लागते. तीच स्लिप. आपल्याकडे ४२ सेकंद, म्हणजे दहा लाखात तीनचा फरक. दोन्ही मक्स स्पेकमध्येच आहेत, ई-वनला दहा लाखात ५० पर्यंत चालतं. दोघं आपापल्या जागी बरोबर, पण एकमेकांशी नाही.

फोनवर एक फ्रेम गेली तर एक छोटा कट्ट, माणूस दुर्लक्ष करतो. राउटरचं एखादं पॅकेट मरतं, ते परत मागवलं जातं, कोणाला कळत नाही. पण डायल-अप मॉडेमचा फेज एकदम उडी मारतो, ते बिचारं रीट्रेन करत, म्हणजे पुन्हा जुळवून घेत बसतं. म्हणून सगळ्यात जास्त आरडाओरड वजनकाट्याची. आंतरराष्ट्रीय नियमात चांगल्या कनेक्शनला चोवीस तासांत ५ स्लिप हद्द मानलीये, इथे दिवसाला दोन हजारांच्या वर पडताहेत.

क्लॉकचा मेनू उघडला. सावदा मक्स: इंटर्नल. जळगावला फोन करून विचारलं, तिकडेही इंटर्नल. दोन मालक. जळगाव मालक ठीक आहे, सावद्याने लाइनवरून घड्याळ घ्यायला हवं. मार्चमध्ये सावद्याच्या मक्सचं कार्ड बदललं होतं म्हणे, नवीन कार्ड फॅक्टरीच्या डीफॉल्टवर येतं आणि डीफॉल्ट इंटर्नल. कार्ड लावणाऱ्याने लूप टाकला असणार, क्लीन बघितला असणार आणि गेला असणार.

बदलण्याआधी टेस्टरने पण बघून घेतलं. लूप न टाकता, डीडीएफच्या मॉनिटर पॉइंटवरून दोन्ही बाजूंची फ्रिक्वेन्सी, एक्स्चेंजच्या क्लॉकशी तुलना करून. एक बाजू अधिक १, दुसरी उणे २, दहा लाखात. फरक तीनचा, हिशोब जमला. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी करावं या मताचा आहे, लूपच्या आधी.

सावदा लाइन क्लॉकवर टाकला. बदलताना लाइन क्षणभर हलली, मग स्थिर. काउंटर शून्य करून ठेवला.

१८ मे

स्लिप शून्य. वजनकाट्याचं मॉडेम काल सकाळपासून तुटलेलं नाही. मॅनेजर म्हणतो फोनवर आता इतकी शांतता आहे की समोरचा आहे का ते विचारावं लागतं.

२२ मे

रिपोर्ट दिला. एका तक्रारीचे दोन फॉल्ट म्हणून लिहिले, पिलरचा टॅग वेगळा आणि क्लॉक वेगळा, वेगवेगळ्या तारखांनी. ऑफिसला एकच आकडा हवा होता, दिला नाही. फॉर्मवर आमच्या बाजूने एक रकाना वाढवलाय, "दोन्ही टोकांचा क्लॉक सोर्स", कार्ड बदललं की भरायचा. टेस्ट रिझल्टच्या रकान्यात लूप कुठे, कोणाकडे तोंड, काढल्यावर टेस्टर लाल झाला का, आणि वेळ किती वाजताची, हेही.

बाकी राहिलं पिलरचं दार. एक्स्चेंजला लेखी दिलंय, तोपर्यंत आप्पांनी तारेने बांधून ठेवलंय. पावसाळ्याआधी लागलं नाही तर त्याच पट्टीवरच्या उरलेल्या टॅगांचंही हेच होणार, त्यावर आमची अजून एक लाइन आहे फैजपूरकडची. तिची मार्जिन आज दुपारी बघितली, ७ आहे. आठवड्याने परत बघायची.